सिद्धार्थ घरी परत का गेला नाही?

रामबागवाली (इंदूर) | रविवार, दुपारी २:१०

आज सकाळी आमच्या घरी एका कादंबरीवरून भांडण झालं. लटकं नाही, खरं. काका पोह्यांची बशी अर्धी टाकून उठले आणि छत्री विसरून गेले. छत्री अजून दारामागे आहे. म्हटलं, डोक्यात ताजं आहे तोवर धागा काढावा.

आमचा सात जणांचा वाचनाचा अड्डा आहे. दर दुसऱ्या रविवारी सकाळी साडेआठला माझ्याकडे. सगळे इंदूरचेच मराठी. दोघं लोकमान्य नगरातून, एक सुदामा नगरातून, एक बाई थेट राऊहून येतात. पोहे माझ्याकडे ठरलेले. (इंदुरी पोहे, म्हणजे वाफेवर ठेवलेले, बडीशेप घातलेले, वर सेव आणि जीरावन. पुण्याच्या मंडळींनी इथे वाद घालू नये.) एक पुस्तक घ्यायचं, मोठ्याने वाचायचं, घाई नाही. सध्या हेर्मान हेस्सेची १९२२ सालची ‘सिद्धार्थ’ चालू आहे. प्रकरणं बारा, बैठकीला दोन. वाचतो इंग्रजीतून आणि तिथल्या तिथे तोंडी मराठी करतो, त्यामुळे निम्मा वेळ शब्दांवरच्या हुज्जतीत जातो.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: ही गौतम बुद्धाची गोष्ट नाही. मी विसाव्या वर्षी बुद्धचरित्र समजूनच विकत घेतली होती आणि तिसऱ्या प्रकरणात खरे बुद्ध वेगळेच निघाले तेव्हा गडबडले होते. हा सिद्धार्थ दुसरा. ब्राह्मणाचा हुशार मुलगा, गावाचा लाडका, मनातून मात्र असमाधानी. गोविंद या मित्राला घेऊन श्रमणांत जातो, तीन वर्षं उपास आणि थंडीवारा काढतो. मग बुद्धांना भेटतो, मनापासून मानतो, आणि तरी संघात राहत नाही. गोविंद राहतो. हा शहरात जातो, कमला नावाच्या गणिकेकडे प्रेम शिकतो, कामस्वामी व्यापाऱ्याकडे धंदा. पुढे पैसा, दारू, फासे, आणि एक दिवस स्वतःचाच वीट. नदीवर जीव द्यायला जातो आणि तिथेच राहतो, वासुदेव नावाच्या नावाड्यापाशी.

आज नववं आणि दहावं प्रकरण होतं. दहाव्याचं नाव ‘मुलगा’. नवव्याच्या शेवटी बुद्ध मरणपंथाला लागल्याचं ऐकून कमला दर्शनाला निघते, नदीकाठी तिला साप चावतो. तिच्याबरोबरचा अकरा वर्षांचा मुलगा सिद्धार्थचाच. त्याला ठाऊकही नव्हता. आई गेली आणि पोरगा या दोन म्हाताऱ्यांच्या झोपडीत येऊन पडला. बाप त्याला जीव लावतो, एका शब्दाने दुखवत नाही. पोरगा भांडी फोडतो, अपमान करतो, आणि एका रात्री पैशांची टोपली उचलून, नाव घेऊन पळून जातो. सकाळी नाव पलीकडच्या काठाला दिसते. दोघं बांबूंचा तराफा बांधून जातात, तर नावेत वल्हं नाही.

वासुदेव नवं वल्हं करायला बसलेला असतो. तो काही समजावत नाही, फक्त विचारतो की मुलगा तुला काय सांगू पाहतोय ते दिसत नाही का. सिद्धार्थला दिसतं. तरी जातो मागे.

इथे मी वाचायची थांबले, आणि काका म्हणाले, “काय हट्टी कार्टं आहे! बापाने आणखी काय करायचं होतं?” काका ७४ वर्षांचे, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आमच्यात सर्वांत लहान मुलगी २२ ची, सीए करतेय. ती म्हणाली, “सगळ्या पुस्तकात खरं बोलणारा तोच एक आहे.” तिथून आवाज चढले. तो मुद्दा ती स्वतः इथे लिहील. तिला दुवा दिलाय.

माझा प्रश्न निराळा आहे. पहिल्या प्रकरणात सिद्धार्थ घर सोडायची परवानगी वडिलांकडे मागतो. वडील नाही म्हणतात. हा हाताची घडी घालून रात्रभर तसाच उभा. वडील झोपू शकत नाहीत, तासातासाला उठून खिडकीतून बघतात, पोरगा तिथेच. पहाटे त्याचे गुडघे थरथरताना दिसतात आणि वडील हरतात. म्हणतात, जा. अरण्यात आनंद सापडला तर परत ये आणि मलाही शिकव. निराशा पदरी आली तरी ये, पुन्हा बरोबर बसून देवांना आहुती देऊ.

दोन्ही वाटा घरीच येतात, बघा. आणि हा कधीच परत जात नाही! विशीत मला ते दिसलंही नव्हतं. तेव्हा मी त्याच्याबरोबर अंगणात उभी होते. आता बावन्नाव्या वर्षी मी त्या खिडकीत उभी आहे. तो का गेला नाही?

जीरावन | रविवार, दुपारी २:३५

पहिला प्रतिसाद माझा, म्हणून आधी निषेध नोंदवतो: पोह्यांचा फोटो नाही.

मी पुस्तक अर्ध्यात सोडलंय. नदीचा आवाज ऐकून माणूस शहाणा होतो इथपर्यंत आलो आणि वाटलं, भिया, आमच्या कान्ह नदीकाठी बसलो तर आधी नाकाला रुमाल लागेल. बाकी काकांच्या बाजूने.

खडूस | रविवार, दुपारी ३:२०

स्पष्ट लिहितो, राग नसावा. ही कादंबरी मला कायम दुकानात मांडलेल्या अध्यात्मासारखी वाटत आली आहे. स्वित्झर्लंडमध्ये बसून लिहिली, अमेरिकेत साठच्या दशकात हिप्पींनी डोक्यावर घेतली, आणि मग आपण ती परत विकत घेतली. १९७२ च्या सिनेमात शशी कपूर आणि सिमी गरेवाल. सगळं सुंदर, सगळं धुक्यातलं. हेस्से हिंदुस्थानात आलाही नव्हता. ज्याला जगण्याचा अर्थ शोधायचा त्याच्यासाठी आपल्याकडे तुकोबा आहेत की. त्यांना दुकान होतं, दुष्काळ होता, बायको अन्नावाचून गेली. तिथे कमळाच्या तळ्यात बसून चिंतन नाही.

घरी परत का गेला नाही, याचं उत्तर सोपं आहे. लेखकाला वडील पहिल्याच प्रकरणापुरते हवे होते.

कोरा_कागद | रविवार, दुपारी ४:०५

खडूस, वडील निदान एक प्रकरण तरी आहेत. आईचं काय? निघताना वडील म्हणतात, जा, आईचा निरोप घे, कुठे जातोस ते तिला सांग. संपली आई.

मला या पुस्तकात कमलाबद्दल बोलायचंय, कारण तिच्याबद्दल सगळे ‘शृंगाराची पायरी’ म्हणून पुढे जातात. सिद्धार्थ शहर सोडतो त्या रात्री त्याला स्वप्न पडतं: कमलाच्या सोन्याच्या पिंजऱ्यातला गाणारा पक्षी मेलाय आणि आपण तो रस्त्यावर फेकून दिलाय. इकडे तो गेल्याचं कळल्यावर खरी कमला काय करते? पिंजरा उघडते आणि पक्षी सोडून देते. त्या दिवसापासून गिऱ्हाईक घेत नाही. पुढे बाग बुद्धाच्या भिक्षूंना देऊन टाकते. म्हणजे ज्या वाटेने जायला नायकाला तीन वर्षांचं श्रमणपण, आयुष्यभराचा व्यापार आणि एक आत्महत्येचा प्रयत्न लागला, ती वाट ही बाई एका सकाळी धरते. तिच्यावर प्रकरण आहे, पण त्यातही कॅमेरा सिद्धार्थवरच.

आणि ती पोर एकटीने अकरा वर्षं वाढवते. नायक तेव्हा नदीचं ऐकत असतो.

रामबागवाली | रविवार, दुपारी ४:४०

कोरा_कागद, पिंजऱ्याचं तुझं बरोबर. आम्ही त्या रविवारी कमलाला तासभर दिला आणि तरी ही जोडणी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आमची गाडी त्या दिवशी एका शब्दावर अडली होती. शहरातल्या साध्या, रडणाऱ्या-हसणाऱ्या, व्यवहारात गुंतलेल्या लोकांसाठी सहाव्या प्रकरणात जो शब्द येतो त्याला मराठी काय करायचं? काका म्हणाले “पोरकट माणसं”, राऊच्या बाई म्हणाल्या “लेकरांसारखी माणसं”. एकात तुच्छता, दुसऱ्यात माया.

नेकारकाठ (स्टुटगार्ट) | रविवार, रात्री ८:५०

मूळ जर्मन शब्द ‘किंडरमेन्शेन’, मूल-माणसं. त्यात दोन्ही आहे, म्हणून काका आणि बाई दोघंही बरोबर. सिद्धार्थ तो शब्द आधी तुच्छतेने वापरतो आणि मुलगा पळाल्यावर मायेने. नावेत बसणाऱ्या लेकुरवाळ्या माणसांचा त्याला हेवा वाटायला लागतो. शब्द तोच राहतो, बोलणारा बदलतो. १९५१ साली न्यूयॉर्कला जो पहिला इंग्रजी अनुवाद निघाला, त्यात प्रकरणाच्या नावातून ‘मूल’ गळालंय, नुसतं ‘लोकांमध्ये’ असं आहे. तुमची प्रत ती असेल तर शीर्षकात सापडणार नाही.

आता खडूसना. मी राहतो तिथून काल्व हे हेस्सेचं गाव जवळ आहे. नागोल्ड नावाची लहानशी नदी, त्यावर जुना दगडी पूल, पुलावर हेस्सेचा ब्राँझचा पुतळा उभा, टोपी हातात. पर्यटक खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. तो मुख्यभूमीवरच्या हिंदुस्थानात आला नाही हे खरं. १९११ ला निघाला, श्रीलंका, सिंगापूर, सुमात्रा बघून आजारी आणि निराश होऊन परतला. पण हिंदुस्थान त्याच्या घरात होता. आईचा जन्म केरळात थलश्शेरीचा, १८४२ चा. आजोबा हेर्मान गुंडर्ट मिशनरी, मल्याळम-इंग्रजी कोश केलेले. वडीलही काही वर्षं आपल्याकडे मिशनरी होते.

आणि धाग्याचा प्रश्न मला त्या घरातच सुटताना दिसतो. हेस्से चौदा वर्षांचा असताना, मार्च १८९२ मध्ये, माउलब्रॉनच्या धार्मिक शाळेतून पळाला. दुसऱ्या दिवशी सापडला. त्यानंतर जीव द्यायचा प्रयत्न, मग आईबापांनी त्याला श्टेटनच्या संस्थेत ठेवलं. तिथून वडिलांना पाठवलेल्या एका पत्राचा मायना ‘प्रिय पप्पा’ नाही, तर ‘अति आदरणीय महोदय’ आहे! पंधरा वर्षांचं पोर बापाला महोदय लिहितंय.

आता पुढचं बघा. १९११ ला तो पूर्वेकडे निघाला तेव्हा त्याचा धाकटा मुलगा काही आठवड्यांचा होता. १९१६ ला वडील गेले. १९१९ ला संसार मोडला, बायको मनोरुग्णालयात, तीन मुलं इकडेतिकडे ठेवलेली, आणि हा एकटा दक्षिण स्वित्झर्लंडमधल्या मोंतान्योलाला जाऊन राहिला. ‘सिद्धार्थ’ तिथे सुरू झाली. सोसणारा, उपाशी सिद्धार्थ भराभर उतरला, आणि मग जिंकलेला सिद्धार्थ लिहायची वेळ आली तेव्हा लेखणी अडली. दीडेक वर्ष अडून राहिली. मधल्या काळात मानसोपचारतज्ज्ञ युंगकडे जाऊन स्वतःच्या मनाची तपासणी करून घेतली.

म्हणून दहावं प्रकरण लिहिणारा माणूस एकाच वेळी नाव पळवणारा पोरगाही आहे आणि काठावर उभा राहिलेला बापही. त्याला घरी परत पाठवायला घर उरलं नव्हतं.

खडूस | रविवार, रात्री ९:१५

‘महोदय’ माहीत नव्हतं. निम्मा प्रतिसाद मागे घेतो. तुकोबा मागे घेत नाही.

तीच_ती | रविवार, रात्री १०:३०

मीच ती २२ वर्षांची. काकांना छत्री मी नेऊन देणार होते, पण ताई म्हणाल्या राहू दे.

माझं म्हणणं एवढंच आहे. तो पोरगा अकरा वर्षांचा आहे. त्याने परवा आईला जळताना पाहिलंय. तो नोकरचाकरांत, मऊ गादीवर वाढला. आता त्याला एका गवती झोपडीत दोन म्हाताऱ्यांबरोबर भात आणि केळी खात राहायचंय, आणि त्यातला एक म्हणतो मी तुझा बाप. कुणी विचारलं त्याला? आणि नावही सिद्धार्थच. म्हणजे स्वतःचं नावसुद्धा नाही.

आणि बाप मारत नाही, ओरडत नाही, उत्तम घास त्याला वाढतो, हे काकांना थोर वाटतं. त्या पोराच्या जागी बसून बघा. तुम्ही चिडावं, भांडावं म्हणून तो काहीतरी करतो आणि समोरून नुसतं स्मित येतं. तो ओरडतोसुद्धा: तुझ्यासारखा साधू होण्यापेक्षा मी चोर-खुनी होऊन नरकात जाईन. मला ते वाचताना हसू आलं नाही. आमच्या घरी कुणी कधी आवाज चढवला नाही. बाबा नुसते गप्प होतात आणि ताटातली पोळी मोडत राहतात. एक पोळी वीस मिनिटं. मी आर्ट्स घेणार होते.

वासुदेवला हे कळलं होतं. तो सिद्धार्थला सांगतो की तू त्याला बांधून घालतोयस, तुझ्या प्रेमाने आणि सोशिकपणाने. तेवढं वाक्य मी वाचलं आणि काका म्हणाले, “काय फालतू बात आहे, प्रेमाने कुणी बांधतं का?” मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं.

जीरावन | रविवार, रात्री १०:४१

काय बोललीस?

तीच_ती | रविवार, रात्री १०:४४

नाही सांगणार. ते काकांचं आहे.

निमाडकाठ (मंडलेश्वर) | सोमवार, सकाळी ६:५०

लाइट नव्हती रात्री, आत्ता वाचलं. मला साहित्यातलं फार कळत नाही, पण नदी आणि नाव हा विषय निघालाय तर चार ओळी.

इंदूरकर, तुमच्या नळाला जे पाणी येतं ते आमच्याकडूनच येतं. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, पंप करून, घाट चढवून. म्हणजे तुम्ही कान्हेकाठी बसला असलात तरी चहा नर्मदेचाच पिता.

माझे वडील सेवानिवृत्त झाल्यावर परिक्रमेला गेले. परिक्रमेचा नियम असा की नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. ओंकारेश्वरला परिक्रमा उचललेला माणूस बेटावरच्या मंदिरात जात नाही. समोर कळस दिसतो, घंटा ऐकू येते, हा काठावरूनच हात जोडतो. मुखाशी समुद्रातून नावेने जायचं, मग दुसरा काठ धरून परत. पुरी झाली की मग ओंकारेश्वराला जल चढवायचं. वडील परत आल्यावर मी ही कादंबरी वाचली, आणि मला पहिल्यांदा हेच जाणवलं की सिद्धार्थने उलटं केलं. आमचा परिक्रमावासी चालत राहतो आणि ओलांडत नाही. तो एका जागी राहतो आणि दिवसभर ओलांडतो. या काठाहून त्या काठाला, लोकांना सोडायला. त्याला स्वतःला कुठेच जायचं नसतं.

ओंकारेश्वरच्या घाटावर एक ओळखीचे नावाडी आहेत. गेल्या कार्तिकात मी त्यांना गमतीने विचारलं, बाबा, मैया काय सांगते? ते म्हणाले, “आज दुपारी तीनला पाणी सोडणार, एवढं सांगते.” वर धरण आहे ना. भोंगा झाला की सगळ्यांनी काठ धरायचा. पाणी आता उन्हाळ्या-पावसाळ्याने नाही, टर्बाइनच्या वेळेने चढतं. हेस्सेची नदी सगळीकडे एकाच वेळी आहे, उगमाला, धबधब्याला, मुखाला; तिला काळ नाही असं वासुदेव म्हणतो. आमच्या नदीला वेळापत्रक आहे. २००४ साली हरसूद गाव धरणात बुडालं, तिथून उठलेल्या लोकांना ‘नदीचं ऐका’ म्हणून बघा.

हे तक्रार म्हणून नाही. मला ते प्रकरण तरी आवडतं. त्या नावाड्यांच्या नावेला आता डिझेल इंजिन आहे, वल्हं नावेतच आडवं पडलेलं असतं, इंजिन बंद पडलं तर लागतं म्हणून. मुलगा ई-रिक्षा चालवतो. मी विचारलं, नावेवर येत नाही का? म्हणाले, “त्याला पाण्याची भीती नाही, पण आवडतही नाही.” आणि इंजिनाला दोरी गुंडाळायला लागले. वल्हं फेकून दिलेलं ते वाचलं तेव्हा मला हेच आठवलं.

कोरा_कागद | सोमवार, सकाळी ९:१०

निमाडकाठ, “साहित्यातलं फार कळत नाही” म्हणे!

महूकर | सोमवार, रात्री ९:३०

जयभीम. धागा वाचत होतो, राहवलं नाही.

आधी एक हरकत. या कादंबरीतले बुद्ध थोर दाखवलेत, शांत दाखवलेत, पण बोलू दिलेलं नाही. सिद्धार्थ त्यांना म्हणतो की तुमच्या शिकवणीत जग कार्यकारणाच्या अखंड साखळीने बांधलेलं आहे, मग त्यातून मुक्ती कुठल्या फटीतून येते? आणि तुम्हाला ज्या क्षणी बोध झाला तो क्षण शब्दांत कसा देणार? बुद्ध त्याला अतिशहाणपणापासून जप म्हणतात आणि प्रकरण संपतं. हा वाद एकतर्फी आहे. शिकवण म्हणजे तराफा, पार झाल्यावर डोक्यावर घेऊन फिरायचा नाही, हे बुद्धांनी स्वतःच सांगितलंय. सिद्धार्थने काही नवं काढलेलं नाही. शेवटी तो जिथे पोचतो, सगळं एक आहे, सगळे आवाज मिळून ओम, ते बुद्धाचं नव्हे, उपनिषदांचं आहे. ज्या घरातून निघाला त्याच घराचं तत्त्वज्ञान घेऊन बसला, फक्त घरी गेला नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. हेस्सेचा सिद्धार्थ गेला नाही. पण खरे गेले होते.

बोधीनंतर बुद्ध कपिलवस्तूला गेले. राहुलच्या आईने मुलाला पुढे केलं: ते तुझे वडील, जा, वारसा माग. राहुल मागे मागे चालत वारसा मागत राहिला. बुद्धांनी शिष्य सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या, म्हणजे संघाची दीक्षा, दिली. हाच वारसा. मग शुद्धोदन आले. विनयपिटकातल्या महावग्गात हा प्रसंग आहे. म्हातारा राजा म्हणतो, तुम्ही घर सोडलंत तेव्हा मला थोडं दुःख झालं नाही. माझा दुसरा मुलगा नंद गेला तेव्हाही तसंच. आता राहुल. पुत्रप्रेम कातडी कापतं; कातडी कापून मांस कापतं, मग स्नायू, मग हाड, आणि हाड कापून मज्जेपर्यंत जातं. तेव्हा यापुढे आईबापांच्या संमतीशिवाय मुलाला दीक्षा देऊ नये.

आणि बुद्धांनी नियम केला. एका बापाच्या तक्रारीवरून. भिक्षुसंघात आजही तो पाळतात.

मी महूत वाढलो. बाबासाहेबांची जन्मभूमी म्हणून १४ एप्रिलला आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. लहानपणी आमच्या विहारात एक म्हातारे भन्ते हा प्रसंग सांगायचे, आणि कातडी-मांस-स्नायू म्हणताना स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवत न्यायचे. मला ते बोट आठवतं. म्हणून ज्या सिद्धार्थला मुलगा पळाल्यावर जखम होते त्या प्रकरणाशी माझं भांडण नाही. ते हेस्सेने नीट लिहिलंय. फक्त त्याच्या नायकाच्या बापाला तक्रार करायची संधी मिळाली नाही.

नेकारकाठ (स्टुटगार्ट) | सोमवार, रात्री १०:२०

महूकर, हे मला माहीत नव्हतं, आणि हेस्सेला होतं की नाही हे आता शोधावंसं वाटतंय.

तुमच्या शेवटच्या वाक्याला एक जोड. अकराव्या प्रकरणात सिद्धार्थ पुन्हा मुलाला शोधायला नाव काढतो, आणि नदी हसते. तो वाकून पाण्यात बघतो तर चेहरा वडिलांचा. तेव्हा त्याला आठवतं की आपणही असंच निघून आलो, वडिलांनीही हेच सोसलं असेल, आणि मुलाला पुन्हा न बघता एकटेच गेले असतील. म्हणजे तक्रार आली, पण पाण्यातून. आणि त्याआधी चौथ्या प्रकरणात तो बुद्धांपासून निघतो तेव्हा आधी घरीच जायचं ठरवतो. मग जागच्या जागी थिजतो. आपण आता ना ब्राह्मण, ना श्रमण, जाऊ कोण म्हणून? आणि झपाझप चालू लागतो, घराकडे नाही, वडिलांकडे नाही. पहिला भाग तिथेच संपतो.

रामबागवाली | दोन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:३०

धागा वर काढते. आज शेवटची दोन प्रकरणं झाली.

काका आले. काही झालंच नाही अशा थाटात. दारामागची छत्री घेतली, उघडून बघितली, मिटली, खुर्चीला टेकवून ठेवली. मी तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद छापून आणले होते, मोठ्या अक्षरांत. काका म्हणाले मी वाचतो. नेकारकाठांचं ‘महोदय’ वाचून “असं!” म्हणाले. निमाडकाठांचं वाचताना दोनदा हसले. मग महूकरांचं. कातडी, मांस, स्नायू, हाड. त्यांचा आवाज वर्गात पाढे म्हणून घेतात तसा खणखणीत आहे. हाडापर्यंत तसाच होता. मग त्यांनी चष्मा काढला, कागद माझ्या सीएवालीकडे दिला आणि म्हणाले, “पुढचं तू वाच, अक्षर बारीक आहे.” अक्षर सोळाचं होतं.

तिने वाचलं.

शेवटच्या प्रकरणावर फार बोलणं झालं नाही. गोविंद सिद्धार्थच्या कपाळाचं चुंबन घेतो आणि त्याला त्या एका चेहऱ्यात हजारो चेहरे वाहताना दिसतात, मासा, तान्हं मूल, खुनी, प्रेतं, देव. राऊच्या बाई म्हणाल्या की आपण गोविंदला सबंध पुस्तकभर मागे मागे चालणारा म्हणून हसलो, पण सिद्धार्थ नदीवर मरायला आला त्या दिवशी, ओळखलंही नसताना, झोपलेल्या माणसाला साप-जनावर नको म्हणून राखत बसला तो गोविंदच. यावर सगळे गप्प झाले आणि मी पोहे आणले.

काकांना इथे खातं हवं होतं. तिने उघडून दिलं. देवनागरी टंकायला शिकवायला पाऊण तास लागला, दोघं मोबाईलवर वाकून.

गणितकाका | रविवार, दुपारी ३:५५

नमस्कार. पहिलाच प्रतिसाद. चूक झाल्यास सांभाळून घ्यावे.

१) मुलगा हट्टी आहे. हे मी मागे घेत नाही.

२) तो घरी परत का गेला नाही, यावर वर पुष्कळ विद्वत्तापूर्ण लिहिले आहे. मला वाटते त्याला लाज वाटली असेल. जायला हवे होते तेव्हा गेला नाही, मग वर्ष झाले, मग दहा झाली. इतका उशीर झाल्यावर दार वाजवायला हात उचलत नाही. हे बापाच्या बाजूनेही तसेच असते. अनुभवाने सांगतो, यावर प्रश्न विचारू नयेत.

३) त्या दिवशी बशी अर्धी टाकली कारण पोह्यांत मीठ जास्त होते. आज बरोबर होते.